दूरचे भाटकार आणि पडीक खाजने



जत्रेला मुंबई-पुण्याहून येणाऱ्या अनेक कुटुंबांची नावे गोमंतकातील भाटा-शेतांच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजही आहेत. शेतात मात्र माणूस नाही.

पूर्वीही भाटकार सदैव गावातच राहत असे नव्हे. वकिलीसाठी, व्यापारासाठी तो पणजी, मडगाव वा मुंबई गाठी. परंतु मागे मुकादम असे, कुळे-मुंडकार असत. ती व्यवस्था न्याय्य होती असे कोणी म्हणू नये. भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराचे छप्पर जाई. १९७५ च्या मुंडकार कायद्याने ते भय सरले, आणि १९६४ च्या कुळकायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कूळ हाच जमिनीचा मालक मानला गेला. पुढे त्या नव्या मालकांचे पुत्रही आखातात, तारवांवर, शहरांतील कचेऱ्यांत गेले. १९९१ च्या कायद्यान्वये अशी जमीन शेतीखेरीज अन्य कामी लावता येत नाही. ती सिमेंटपासून वाचली, हे भाग्यच. पण नांगरापासूनही दुरावली.

सर्वाधिक हानी खाजनांची. खाडीचे पाणी मातीच्या बांधाने अडवून पूर्वजांनी ही शेते उभी केली. मानशीची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. युक्ती साधी, परंतु बांधावर रोजची नजर हवी. कुर्ल्यांनी पोखरलेले भोक वेळीच बुजवले नाही, तर तेथेच खिंडार पडते. मग एकाच्या गैरहजेरीने साऱ्यांची शेते बुडतात. कोरगुट भात खारट माती सोसते, पण भरती-ओहोटी नित्य आत येऊ लागल्यावर तेही टिकत नाही. तेथे तिवर माजतो, आणि तिवराला कायद्याचे संरक्षण असल्याने तो तोडताही येत नाही.

त्यात वारसांची गर्दी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने पुत्र व कन्या यांना समान वाटा दिला. २०१६ पासून अमलात आलेल्या कायद्यानेही तो राखला. तत्त्व उत्तम! परंतु इन्व्हेंतार तीन पिढ्या रखडला, की एका घराचे चाळीस धनी होतात आणि कौल फेरण्यास एकही पुढे येत नाही.

देवस्थानाचे महाजनही दूरच असतात, तरी देवापुढील दिवा विझत नाही. कारण १९३३ च्या नियमावलीप्रमाणे समिती निवडली जाते आणि जबाबदारी कोणाची हे लेखी ठरलेले असते. बांधांसाठी कुळांचे संघ कायद्यात आहेत, पण सभासदच गावात नसतील तर सभा कोणाची भरणार? भाटाला तर तेवढाही आधार नाही. जत्रेच्या दिवसांत सारे वारस एकत्र असतात. प्रत्येक कुटुंबाने त्याच दिवसांत गावात राहणाऱ्या एकाच्या नावे मुखत्यारपत्र करावे आणि बांध-कौलांच्या खर्चातील आपापला वाटा लिहून द्यावा. नोटरीची कचेरी तालुक्याच्या गावी आहे. जत्रा आटोपल्यावर परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची घेतली तरी चालेल.