गडी नवा, मक्तेदारी जुनी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल एवढे विषय समोर असताना आम्ही ऑस्ट्रेलियातल्या टेलिफोन कंपनीची गोष्ट कशाला सांगतो आहोत, असे तुम्ही विचाराल. सांगतो आहोत ते एवढ्यासाठी, की ती गोष्ट एकाच मोठ्या कंपनीच्या तारेवर अवलंबून असलेल्या गावांची आणि शेतकऱ्यांची आहे.

टेल्स्ट्रा ही त्या देशातली सगळ्यात मोठी दूरसंचार कंपनी. पूर्वी ती पूर्ण सरकारी होती. १९९७ साली सरकारने तिचा तिसरा हिस्सा विकला. शेअरची किंमत ३ डॉलर ३० सेंट. १९९९ साली आणखी हिस्सा विकला, तो ७ डॉलर ४० सेंटला. पुढे भाव उतरला आणि दुसऱ्या खेपेला घेणारे सामान्य लोक हात चोळत बसले. १९९७ सालीच धंदा सगळ्यांना खुला झाला होता. पण घरोघरी गेलेली तांब्याची तार टेल्स्ट्राचीच. नव्या कंपन्यांना त्याच तारेचे भाडे भरून टेल्स्ट्राशी स्पर्धा करावी लागे. रस्ता ज्याच्या मालकीचा, त्याच्याशीच गाड्यांची शर्यत लावायची, असला तो प्रकार.

जुलै २००५ मध्ये या कंपनीवर नवा मुख्याधिकारी आला, सोल त्रुहियो. माणूस अमेरिकेचा. तिथली यूएस वेस्ट आणि युरोपातली ऑरेंज या कंपन्या त्याने चालवलेल्या. येताना त्याने आपले अमेरिकी सहकारीही आणले. लोकांत शंका सुरू झाल्या. बाहेरच्या माणसाला आमची गावे काय ठाऊक? दहा-दहा कोसांवर एक घर, तिथला फोन तोट्याचा. हा तो चालू ठेवील का?

शंकेला कारणेही मिळत गेली. सप्टेंबर २००५ मध्ये कंपनीनेच सरकारला दिलेली माहिती बाहेर आली: जाळ्यावर पुरेसा पैसा घातलेला नाही, आणि लाभांश द्यायला राखीव पैशाला हात लावावा लागतो आहे. त्याच्या एका सहकाऱ्याने तर, हा शेअर मी माझ्या आईलाही घ्यायला सांगणार नाही, अशा अर्थाचे विधान जाहीरपणे केले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड संतापले, कारण सरकारला आपला उरलेला हिस्सा विकायचा होता. नोव्हेंबरमध्ये पाच वर्षांत दहा ते बारा हजार नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर झाली.

आता गंमत पाहा. या माणसाला निवडणाऱ्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते डोनाल्ड मॅगॉकी. ते स्वतः शेतकरी, आणि १९९४ ते १९९८ या काळात तिथल्या राष्ट्रीय शेतकरी महासंघाचे अध्यक्ष. म्हणजे आपला माणूस वर बसलेला आहे, असे म्हणून निर्धास्त झोपायला जागा होती. तिथल्या गावांनी तसे केले नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

त्याआधीच, २००२ साली, गावाकडच्या टेलिफोन सेवेची चौकशी झाली होती. तिचे अध्यक्ष होते डिक एस्टेन्स, मोरी भागातले कापूस पिकवणारे शेतकरी. या समितीने ३९ शिफारशी केल्या. गावभागातल्या सेवेची ठराविक काळाने स्वतंत्र तपासणी व्हावी, ही त्यांतली एक मुख्य. पुढे तसा कायदा झाला. ही तपासणी साधारण दर तीन वर्षांनी होते. २०२४ सालीही झाली.

या बंदोबस्ताची परीक्षा लवकरच आली. ऑक्टोबर २००६ मध्ये त्रुहियोच्या कंपनीने नवे मोबाइल जाळे सुरू केले. गावाकडे चालणारे जुने सीडीएमए जाळे जानेवारी २००८ मध्ये बंद करायचे ठरले. ट्रॅक्टरवर, बांधावर, जिथे जुना फोन लागत होता तिथे नवा लागत नाही, अशा तक्रारी आल्या. नवी सेवा जुन्याइतकी किंवा तिच्याहून चांगली झाल्याशिवाय जुनी बंद करता येणार नाही, अशी अट परवान्यात घातलेली होती. मंत्र्यांनी त्या अटीवर बोट ठेवले आणि परवानगी नाकारली. त्रुटी दुरुस्त झाल्यावर २८ एप्रिल २००८ रोजी जुने जाळे बंद झाले.

न्यायाने बोलायचे तर नवे जाळे चांगलेच होते. ज्या परक्या माणसाची गावांना धास्ती, त्यानेच गावांना वेगवान मोबाइल दिला. उलट भागधारकांना मात्र त्याने निराश केले. २००७ च्या सभेत सुमारे दोन तृतीयांश मते वरिष्ठांच्या पगाराच्या अहवालाविरुद्ध पडली. मत बंधनकारक नव्हते. पगार थांबला नाही. सरकारशी भांडण वाढत गेले, आणि डिसेंबर २००८ मध्ये देशव्यापी ब्रॉडबँडच्या निविदेतून कंपनीला बाहेर काढण्यात आले. मे २००९ मध्ये त्रुहियो गेला.

तो गेला म्हणून मक्तेदारी गेली का? नाही. त्यासाठी २०१० साली कायदा करावा लागला, की तार आणि दुकान वेगळे झाले पाहिजे. तारेचे काम नव्या सरकारी कंपनीकडे जायचे ठरले. तिलाही उशिराने आणि वाढीव खर्चाने गाठलेच. पण रस्त्याचा मालक आणि शर्यतीतला गडी एकच, हा जुना घोळ सुटायला लागला तो कायद्याने. साहेब बदलून तो सुटला नसता.

भावांनो, आपणही खरेदी केंद्रापुढे गाड्या घेऊन रात्री काढल्या आहेत. साहेब बदलले, रांग बदलली नाही. नवा बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, आणि बैल कितीही गुणी असला तरी वेसण घातल्याशिवाय औताला जुंपत नाही. मग आपले सगळे ज्याच्या हाती, त्या कंपनीवर किंवा मंडळावर नवा माणूस आला, की आपण हार घेऊन का धावतो? किंवा नुसत्या शिव्या देऊन का थांबतो?

पुढच्या वेळी तीन प्रश्न विचारा. काय देणार, ते लिहून दिले आहे का? ते दिले की नाही, हे मोजणार कोण? आणि नाही दिले, तर थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? या तिन्हींची उत्तरे कागदावर मिळाली, तर माणूस परका असला तरी चालेल. मिळाली नाहीत, तर तो आपल्या गावचा असला तरी सावध राहा. आज घरी जाताना हे तीन प्रश्न लिहून न्या, आणि गावच्या बैठकीत वाचून दाखवा.