विमान कोणाचे?



कामगारांच्या सभांतून बोलणारा माणूस वसंत व्याख्यानमालेत विमानांवर बोलावयास उभा राहतो, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण विमान आकाशात उडत असले तरी तयार होते ते कारखान्यात. आणि कारखाना म्हटला की आमचा त्याच्याशी संबंध आलाच.

जर्मनीतील ब्रेमेन शहरी १९२३ साली हेन्रिख फोके, गेओर्ग वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्याने विमानांचा कारखाना काढला. १९२७ साली वुल्फ आपल्याच विमानाच्या अपघातात गेला. १९३१ साली कुर्ट टांक हा अभियंता तेथे आला. त्याचे 'कोंडोर' विमान १९३८ मध्ये बर्लिनहून निघाले आणि वाटेत कोठेही न उतरता सुमारे २५ तासांत न्यूयॉर्कला पोचले. विद्येचा हा केवढा पराक्रम!

पण त्याच विद्येला हिटलरशाहीने दावणीला बांधले. फोकेला स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले. टांकच्या 'फोके-वुल्फ १९०' या लढाऊ विमानाच्या सुमारे २०,००० प्रती युद्धकाळात निघाल्या. त्या कोणाच्या हातांनी? जर्मन कामगारांच्या संघटना १९३३ सालीच मोडून टाकलेल्या होत्या. पुढे त्या देशाच्या विमान-कारखान्यांत परमुलखातून पकडून आणलेली माणसे आणि छळछावण्यांतले कैदी राबवले गेले. फोके-वुल्फही त्याला अपवाद नव्हती. यंत्र उत्तम आणि माणूस गुलाम, अशी ती व्यवस्था होती. विमानाची तारीफ करताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हाला मान्य नाही.

आता आपल्याकडे वळू. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. १९४२ साली तिचा कारभार सरकारच्या हाती गेला. युद्धानंतर जर्मनीत विमाने बांधण्यास बंदी आली, तेव्हा टांक १९४७ साली अर्जेंटिनाला गेला आणि १९५६ साली याच बंगलोरच्या कारखान्यात आला. त्याच्या मार्गदर्शनाखाली आपल्या अभियंत्यांनी व कारागिरांनी 'मारुत' हे लढाऊ जेट विमान घडवले. १७ जून १९६१ रोजी ते प्रथम आकाशात झेपावले. १९७१ च्या युद्धात मारुतने चांगली कामगिरी बजावली.

मग माशी कोठे शिंकली? इंजिनात! सांगाडा आपला, इंजिन ब्रिटिश बनावटीचे ऑर्फियस, आणि तेही विमानाच्या मानाने कमजोर. अधिक जोरकस इंजिनासाठी लागणारा पैसा वेळीच कोणी घातला नाही. इजिप्तबरोबर केलेला प्रयोगही तडीस गेला नाही. मारुत १४७ बनले आणि १९९० साली सेवेतून निवृत्त झाले. त्याहून मोठे नुकसान असे की, दुसरे विमान हाती नसल्याने घडलेले हात आणि घडलेली डोकी विखुरली. पुढे २००१ साली 'तेजस' प्रथम उडाले, तेही अमेरिकन इंजिनावर.

कौशल्य विखुरणे म्हणजे काय, हे नांदेडकरांना आम्ही काय सांगावे? उस्मानशाही गिरणी बंद पडल्यावर यंत्रांची किंमत भंगारवाल्याला करता येते. पण साच्यावर सूत तुटण्याआधीच ते ओळखणाऱ्या बोटांची किंमत कोणी करायची? असा माणूस रिक्षा ओढू लागला किंवा पानाची टपरी घालून बसला, की ती विद्या त्याच्याबरोबर संपते.

आपल्या शेजारी लातुरास रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना उभा राहिला आणि २०२० च्या डिसेंबरात तेथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. आम्हाला त्याचा आनंद आहे. परंतु आमचे मागणे नोकऱ्यांच्या आकड्यापाशी थांबत नाही. आमच्या पोरांच्या हाती नुसता पाना द्याल की नकाशाही द्याल? कंत्राटावर सहा-सहा महिने ठेवलेला मजूर कारागीर कधी होणार? ब्रेमेनने माणसाला गुलाम केले, तेथे विद्येला कलंक लागला. आपण माणसे घडवून सोडून दिली, तेथे विद्या ओसरली. दोन्हीकडे विसर पडला तो एकाच गोष्टीचा: कारखान्याची खरी पुंजी माणूस आहे.

ती पुंजी जपण्याचे काम कामगारांइतकेच आपणा नागरिकांचेही आहे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.