मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

(नांदेड येथे नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका वाचण्याचा प्रसंग सामान्य नागरिकावर सहसा येत नाही. आणि आला तरी त्या वाचनात मन फार वेळ रमत नाही. पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. त्यानंतर जलशुद्धीकरण केंद्रासाठी तुरटी व क्लोरीन खरेदी करणे, पंपगृहातील मोटारींची दुरुस्ती करणे, पथदिव्यांच्या देखभालीच्या ठेक्यास मुदतवाढ देणे, दुकानगाळ्यांच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण करणे, निवृत्त सफाई कामगारांची देणी अदा करणे, अमुक चौकास तमुक नाव देणे. आणि सर्वांत शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. सभागृहात खुर्च्या फेकल्या गेल्या किंवा राजदंड पळवला गेला, तरच या कामकाजाची बातमी होते.

असे असले तरी शहरातील गरीब माणसाचे दैनंदिन आयुष्य ज्या निर्णयांनी सुसह्य वा असह्य होते, त्यांतील बहुतेक निर्णय याच रूक्ष कागदावर असतात. ज्याच्या अंगणात स्वतःची कूपनलिका आहे आणि स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे, त्याला तुरटीचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला तरी चालतो. ज्याचे सारे घर सार्वजनिक नळावर अवलंबून आहे, त्याच्या घरी त्या तहकुबीची किंमत काविळीच्या आणि अतिसाराच्या रूपाने मोजली जाते. नगरपालिकेचे नित्याचे कामकाज हे दुर्बलांचे अर्थकारण आहे, असे म्हणावयाचे ते या अर्थाने.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५० च्या दशकात समित्यांच्या कामकाजाची एक मार्मिक थट्टा केली होती. अणुभट्टीचा कोट्यवधींचा खर्च समिती काही मिनिटांत मंजूर करते, कारण तो कोणालाच कळत नाही. सायकली ठेवण्याच्या छपरावर मात्र ती प्रदीर्घ चर्चा करते, कारण ते सर्वांना कळते. आपल्याकडे चौकाच्या नामकरणावर सभागृह तास तास तापते आणि पाण्याच्या ठेक्यावर ‘मंजूर, मंजूर’ एवढे दोनच शब्द उमटतात, तेव्हा पार्किन्सनची आठवण होणे साहजिक आहे. पण येथील कारण थोडे निराळे आहे. ठेक्याचा विषय सभासदांना कळत नाही असे नव्हे. पुष्कळदा तो त्यांतील काहींना फार चांगला कळलेला असतो, आणि म्हणूनच तो सभागृहाबाहेर आधीच मिटलेला असतो.

वस्तुतः कायद्याने याची काळजी बरीच घेतलेली आहे. मूळ मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. तोच आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने लागू आहे. दर महिन्यास किमान एक साधारण सभा झालीच पाहिजे, असे त्यात बंधन आहे. आयुक्ताने अंदाजपत्रक मांडावयाचे, सोळा सभासदांच्या स्थायी समितीने ते तपासावयाचे आणि सर्वसाधारण सभेने त्यावर अखेरचा निर्णय द्यावयाचा, अशी ही उतरंड आहे. राबविणारा एक, तपासणारे दुसरे आणि मान्यता देणारे तिसरे, हे या रचनेचे मर्म होय. सार्वजनिक पैसा तीन वेगवेगळ्या डोळ्यांखालून गेला पाहिजे, एवढाच त्याचा साधा अर्थ.

या रचनेला भोके पाडण्याचे मार्गही त्याच विषयपत्रिकेत असतात. ‘मुदतवाढ’ हा त्यांतील सर्वांत निरुपद्रवी दिसणारा शब्द. ठेक्याची मुदत केव्हा संपणार हे ठेका देतानाच ठाऊक असते. तरी नव्या निविदा वेळेवर निघत नाहीत, आणि मग सेवा खंडित होऊ नये या सबबीखाली जुनाच ठेकेदार जुन्याच किंवा चढ्या दराने चालू राहतो. दुसरा मार्ग ‘कार्योत्तर मंजुरी’चा : काम होऊन गेले, देयक तयार झाले, आता सभागृहाने मान डोलवावी. तिसरा, निविदेवाचून काम देण्याच्या मुभेचा, ज्याला महापालिकांच्या बोलीत ‘पाच-दोन-दोन’ म्हणतात. आणीबाणीच्या प्रसंगी ही मुभा हवीच. पण आणीबाणी हीच वहिवाट झाली की निविदा केवळ अपवादापुरती उरते.

या नित्याच्या कामकाजाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचा धडा लातूर शहराने अवघ्या देशाला दिला आहे. मांजरा धरणातून लातूरला पाणी येते. २००८ मध्ये, लातूर ही नगरपालिका असताना, शहराच्या पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापन दहा वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. शहरातील नागरिकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारले, आणि तो करार आपली मुदत पुरी करू शकला नाही. आंदोलकांच्या एका प्रश्नाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही : गावाच्या पाण्याचा दशकभराचा निर्णय गावाशी न बोलता कसा होतो?

ऑक्टोबर २०११ मध्ये लातूरची महानगरपालिका झाली. पाटी बदलली; जलवाहिन्यांची गळती, मीटर, अनधिकृत जोडण्या, पर्यायी उद्भव हे विषय मात्र वर्षानुवर्षे पुढे सरकत राहिले. मग दुष्काळ आला. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू करावी लागली आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी शहरात आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर होती. म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास! पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, ती सुमारे पंचवीस लाख लिटरची. तरी माणशी हिशेब साडेसहा लिटरांच्या पुढे जात नाही. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, हे येथे ध्यानात घ्यावे.

त्या रेल्वेगाडीचे स्वागत झाले आणि छायाचित्रे देशभर गेली. तहानेल्या शहराला मिरजेने पाणी दिले, हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. धरण कोरडे पडणे हा पावसाचा दोष मानला, धरणाच्या पाण्यावर उसाचा वाटा किती असावा हा राज्याच्या धोरणाचा प्रश्न मानला, तरीही प्रत्यक्ष धरणातून सुटलेले पाणी नळापर्यंत किती पोहोचते आणि वाटेत किती मुरते, हा प्रश्न सर्वस्वी नगरसभेच्या विषयपत्रिकेवरचा आहे. गळती शोधण्याच्या ठरावाला कोणी हार घालीत नाही; म्हणून तो पडून राहतो, आणि एके दिवशी पाणी रेल्वेने आणावे लागते.

नांदेडची कथा वरवर उलटी दिसते. येथे गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. १९९७ मध्ये नांदेड-वाघाळा महानगरपालिका स्थापन झाली. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८ पर्यंत शहरात मोठी कामे झाली, आणि जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात समावेश झाल्यामुळे केंद्राचा पैसाही आला. रस्ते, पूल, जलवाहिन्या उभ्या राहिल्या. पण अर्थशास्त्राचा एक रोकडा नियम आहे : भांडवली खर्चाला अनुदान मिळते, देखभालीला सहसा मिळत नाही. सोहळ्यासाठी बांधलेला रस्ता सोहळ्यानंतर कोणी राखावयाचा? नाल्यांतून गोदावरीत उतरणारे सांडपाणी रोज कोणी शुद्ध करावयाचे? त्यासाठी लागणारा पैसा स्वतःच्या उत्पन्नातून उभा करावा लागतो, आणि तेथेच आपल्या नगरसंस्था पंगू आहेत. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. हाती उरले ते मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि मुंबईकडून येणारे अनुदान.

या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. यांपैकी विलासरावांचा आरंभ बाभळगावच्या सरपंचपदापासून झाला होता. एवढे असूनही दोन्ही शहरांच्या नगरसंस्था स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. वरून पैसा आणणारा नेता मोठा ठरला. खाली हिशेब विचारणारे सभागृह मोठे करावे, असे फारसे कोणास वाटले नाही.

याचाच पुढचा टप्पा म्हणजे प्रशासकांचा काळ. लातूरच्या सभागृहाची मुदत मे २०२२ मध्ये संपली, नांदेडची त्याच वर्षाच्या उत्तरार्धात. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला आणि निवडणुका लांबत गेल्या. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचे स्पष्ट सांगणे आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतरच हालचाल झाली, आणि राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. लातूरचे ७० आणि नांदेडचे ८१ सभासद तीन वर्षांहून अधिक काळ अस्तित्वातच नव्हते.

त्या काळात प्रस्ताव थांबले नाहीत, ठरावही थांबले नाहीत. प्रस्ताव प्रशासनाने मांडावयाचा, स्थायी समितीचे अधिकार वापरून प्रशासकाने तो तपासावयाचा आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार वापरून त्यानेच तो मंजूर करावयाचा! तीन डोळ्यांची रचना एका डोळ्यावर आली. कामे झपाट्याने झाली, भांडणे बंद झाली, नगरसेवकांचा जाच संपला, असे समाधान पुष्कळ सुशिक्षितांनी व्यक्त केले. या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. टक्केवारीने बरबटलेली सभागृहे नागरिकांनी पाहिलेली आहेत. पण वाईट पहारेकऱ्यावर उपाय म्हणून पहाराच काढून टाकावयाचा काय? अधिकाऱ्याची बदली झाली की त्याचा वस्तीशी संबंध संपतो. नगरसेवकाला पाच वर्षांनी त्याच गल्लीत मत मागावे लागते. शिवाय महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. नळावर रांग लावणारी स्त्री प्रथमच जेथे बसून बोलू लागली होती, ती खुर्चीच एवढा काळ रिकामी राहिली.

मराठवाड्याने तरी हे सहज सोसावयास नको होते. निजामी राजवटीत नगरांचा कारभार मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर चाले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने जो सत्याग्रह केला, ज्यात स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, त्या लढ्याची मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. ‘जबाबदार’ या शब्दात ‘जबाब’ आहे. ज्याला जबाब द्यावा लागतो, तोच जबाबदार. कार्यक्षम कारभार आणि जबाबदार कारभार यांतला भेद त्या पिढीला कळत होता.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. सत्ता कोणत्या पक्षाकडे गेली, यापेक्षा सभागृह कसे चालते याकडे नागरिकांनी लक्ष द्यावयास हवे. मागण्या साध्या आहेत. प्रशासकाच्या काळात झालेल्या ठरावांची संपूर्ण यादी, रकमांसह, सभागृहापुढे यावी. मुदतवाढीच्या प्रत्येक विषयात मूळ ठेक्याची तारीख, मूळ रक्कम आणि नवी निविदा न निघण्याचे कारण नमूद व्हावे. ऐनवेळी येणारे विषय खरोखरीच्या निकडीपुरते राहावेत. विषयपत्रिका आणि इतिवृत्त प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर सुबोध मराठीत लागावे. पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती उचलले, किती पोहोचले आणि किती गळाले, दर तिमाहीस मांडला जावा. यांपैकी कशासाठीही मुंबईच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

आणि हे काम केवळ नगरसेवकांचे नाही. महिन्यातून एका सभेला प्रत्येक वस्तीतून दोन माणसे प्रेक्षक कक्षात जाऊन बसली, त्यांनी विषयपत्रिका हातात धरून कोणत्या विषयावर किती वेळ बोलणे झाले एवढे जरी टिपून ठेवले, तरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणणाऱ्यांचा आवाज थोडा खाली येईल. मागील सभेत काय ठरले, हे वाचून, तपासून, चूक असल्यास दुरुस्त करून मगच पुढे जावयाचे, असे विषयपत्रिकेवरचा पहिला विषय दर महिन्याला सांगत असतो. तो विषय ‘वाचले असे समजण्यात यावे’ म्हणून सोडून देण्याची सवय आता दोन्ही शहरांनी मोडली पाहिजे.