हिरकणी, वीरगळ आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'शौर्याच्या बदलत्या कल्पना' असा भारदस्त विषय मला दिला आहे. मी इतिहासाची अभ्यासक नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि गेली बरीच वर्षं सल्ला केंद्रात बायांचं ऐकत बसते. तेव्हा मी बोलणार ते तिथल्या खुर्चीवरून.

आपल्यापैकी बऱ्याचजणींच्या गावात वीरगळ असेल. देवळाबाहेर, पारापाशी, कधी चक्क धुण्याचा दगड झालेला. तो नीट वाचला तर एक अख्खी विचारसरणी त्यावर कोरलेली आहे. वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, बरेचदा शेजारी गाईगुरं, कारण गावचं गोधन राखताना मेलेल्यांचे हे दगड पुष्कळ आहेत. मुंबईत बोरिवलीच्या एकसरला तर नौकांची लढाई कोरली आहे. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याची कीर्ती.

या दगडावर बाई कुठे आहे? बहुतेक वेळा अप्सरा म्हणून. नाहीतर तिचा दगड वेगळा असतो, सतीशिळा. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात. वर तेच चंद्र-सूर्य. पुरुषाची लढाई, मरण, स्वर्ग सगळं सविस्तर, आणि तिचा फक्त हात. तिला काय वाटलं, तिला कोणी विचारलं का, याला दगडावर जागा नाही.

'वीर' हा शब्दच मुळात पुरुषाचा आहे. वेदांत त्याचा अर्थ पुरुष, मुलगा असाही होतो. लॅटिनमधला पुरुषवाचक शब्द याच्याच कुळातला. नाट्यशास्त्रात मात्र वीर तीन प्रकारचे सांगितलेत, दानवीर, धर्मवीर, युद्धवीर. दयावीर मागाहून आला. त्यामुळे जुन्या काळी शौर्य म्हणजे केवळ तलवार, असं सरसकट म्हणता येणार नाही. पण दान करायला मालमत्ता लागते, आणि धर्म ठरवायला अधिकार. दोन्ही कोणाकडे होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाईच्या वाट्याला उरलं ते वीरमाता आणि वीरपत्नी होणं. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुला हरून परतलेल्या मुलाला कठोर शब्दांत पुन्हा रणात पाठवते, आणि कुंती हीच गोष्ट कृष्णाकरवी आपल्या मुलांना कळवते. त्याच महाभारतात पुढे स्त्रीपर्व आहे. तिथे बाया रणांगणात आपापल्या माणसांची प्रेतं शोधत फिरतात. शाळेच्या पुस्तकांना पहिली गोष्ट जास्त आवडते.

स्वतः लढणाऱ्या राण्या झाल्याच. पण त्यांचं कौतुक करताना आपली भाषा बघा, 'मर्दानी'. 'पुरुषासारखी लढली' ही आजही सर्वोच्च पावती. परमवीरचक्राचं पदक रेखाटलं ते सावित्रीबाई खानोलकर यांनी, जन्माने युरोपियन, लग्नाने मराठी. १९५० साली ते पदक सुरू झालं. २१ जणांना मिळालं, त्यात बाई एकही नाही.

माझ्या मते आपल्याकडे खरा बदल एकोणिसाव्या शतकात झाला, आणि तो रणांगणावर नाही, कोर्टात झाला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं होतं. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टाने तिला नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 'केसरी' तिच्या विरोधात होता. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला तिने वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. इथे कोणी कोणाला मारलं नाही, कोणी कोणासाठी मेलं नाही. 'मी जाणार नाही' एवढंच. वीरगळाच्या कुठल्याच चौकटीत हे बसत नाही.

सावित्रीबाई फुले प्लेगच्या साथीत, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. आपण त्यांची शाळा सांगतो, शेणाचे गोळे सांगतो. ही शेवटची वाट मात्र घाईने उरकतो, कारण शुश्रूषा हे बाईचं कामच, त्यात शौर्य कसलं?

आता हिरकणी. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला. ही दंतकथा आहे, पण तिच्या नावाने एस.टी.ची गाडी आहे, स्तनपानाचे कक्ष आहेत, पुरस्कार तर गावोगाव आहेत. मला दोन गोष्टी खटकतात. एक, ती कडा उतरली ती बाळासाठी. स्वतःचा जीव वाचवायला उतरली असती तर बुरूज झाला असता का? दुसरी, तिच्यासाठी दरवाजा का उघडला नाही? कथेत पहारेकरी नियमावर बोट ठेवतात. नियम बदलला की नाही, ते कथा सांगत नाही. बुरूज बांधून कडा मात्र बंद केला. म्हणजे पुढच्या हिरकणीला तीही वाट नाही!

हा नुसता किल्ल्यावरचा विनोद नाही. मार्च २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या. आशाताईंना 'करोना योद्धा' म्हटलं. त्या घरोघर फिरल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. कागदोपत्री त्या स्वयंसेविका, पगार नाही, मानधन. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला, तेव्हा कुठे मानधनात थोडी वाढ पदरात पडली. योद्धा म्हटलं की मजुरी विचारणं ओशाळवाणं होतं, ही या शब्दाची सोय आहे. गंमत म्हणजे कर्नाटकातले जुने शिलालेख सांगतात की लढाईत मेलेल्याच्या कुटुंबाला जमीन लावून दिली जाई. मध्ययुगातल्या सरदाराला कळत होतं की नुसत्या दगडावर घर चालत नाही.

भँवरीदेवी राजस्थानात 'साथिन' होती, आपल्यासारखीच कार्यकर्ती. १९९२ साली बालविवाह अडवला म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९४ मध्ये तिला धैर्यासाठी नीरजा भनोत पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींना सोडून दिलं. तिच्या प्रकरणातून पुढे १९९७ चा विशाखा निर्णय आला, लाखो नोकरदार बायांना त्याचा आधार झाला. तिच्या स्वतःच्या हाती पुरस्कार राहिला.

आपल्या केंद्रांतही हेच चालतं, म्हणून इतकं लांबण लावलं. तक्रार करून ठाम राहिली ती 'धाडसी'. तिचा आठ मार्चला सत्कार, शाल, नारळ, फोटो. आणि जी दोन मुलांना घेऊन परत त्याच घरी गेली? तिच्याबद्दल आपसात बोलताना आपला सूर उतरतो. मी अशा बाया ओळखते ज्यांनी परत जाताना बँकेचं पासबुक शेजारणीकडे ठेवलं, मुलीची शाळा चालू ठेवली, पुढल्या वेळेसाठी चार पैसे साठवले. त्या कडा उतरत नाहीत, दरवाजाची किल्ली शोधत असतात. आणि सत्कार झालेल्या बाईला सहा महिन्यांनी तडजोड करावीशी वाटली तर ती आपल्याकडे यायलाच लाजते. शाल आडवी येते.

म्हणून आज दुपारच्या गटचर्चेसाठी मी एक प्रस्ताव ठेवते. येत्या आठ मार्चला सत्कार ठेवायचे की नाहीत यावर बोलू या. त्याऐवजी प्रत्येक तालुक्यातल्या किती बायांना पोलीस ठाण्यातून तक्रार न घेता परत पाठवलं, २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी प्रत्यक्ष कुठे भेटतो, रात्री निघालेल्या बाईला निवारा कुठे मिळतो, याची यादी करून जिल्हाधिकाऱ्यांसमोर वाचावी, असं मला वाटतं. काहीजणींना सत्कार हवेच आहेत, हे मला माहीत आहे. वर्षभर कोणी चांगलं बोलत नाही, एक दिवस टाळ्या मिळाल्या तर बिघडलं काय, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही. त्यांनीच आधी बोलावं.