गुरांचा सर्रा आणि माणसाचे रक्त



चाकणच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी त्याचे दात, खूर आणि चाल पाहतो. रक्तातील दोष मात्र त्या जाणत्या नजरेलाही दिसत नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने झाले, तरी आसपासच्या खेड्यांतील कित्येक मुले आजही गोठ्यातले काम आटोपून शाळेत येतात. म्हणून ही हकीकत शिक्षकांनी जाणून घ्यावी.

सर्रा हा घोडे, उंट व गुरे यांचा जुना रोग. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माइलखान येथे आजारी जनावरांच्या रक्तात त्याचा एकपेशीय परजीवी पाहिला. त्याचेच नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. रक्त शोषणारी घोडमाशी एका जनावरावरून उठून दुसऱ्यावर बसली, की तिच्या सोंडेबरोबर तो जातो. माणसाच्या रक्तातील एक प्रथिन त्याला मारून टाकते, त्यामुळे हा रोग जनावरांचाच, अशी सर्वांची समजूत होती.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने ती खोटी ठरवली. पाच महिने त्याला ताप येई, उतरे आणि पुन्हा येई. अखेर त्याचे रक्त काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात गुरांचा तो परजीवी आढळला. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. पुढे कळले, की एपीओएल-१ हे संरक्षक प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच. त्याच्या गावातील १८०६ लोकांचे रक्त तपासण्यात आले. ज्यांच्याविषयी अधिक संशय वाटला, त्या ६० जणांपैकी एकाच्याही रक्तात परजीवी दिसला नाही.

येथेच प्रश्न मिटला असता. परंतु २०१५ साली व्हिएतनाममधील एका स्त्रीला हाच रोग जडला आणि तिचे प्रथिन तर शाबूत होते! कच्चे मांस हाताळताना हाताच्या जखमेतून तो शिरला असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

असे रुग्ण अत्यंत विरळ. तेव्हा गावात घबराट पसरेल असे काही बोलू नये. तापाची कारणे बहुधा दुसरीच असतात. परंतु दोन दिवस गैरहजर, चार दिवस हजर, पुन्हा गैरहजर, असे एखाद्या मुलाचे हजेरीपत्रक दिसू लागले, तर पालकांना बोलावून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणीस पाठवावे. घरचे जनावर तापाने खंगत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावयास लावावे. विचारल्यावाचून पालक ते सांगत नाहीत.