बुडबुड्यांविना

आमच्या माहूरला समुद्र नाही. पैनगंगा आहे, पावसाळ्यात शेख फरीदचा धबधबा आहे आणि बाकी सगळ्या विहिरी. तरीही आज मी समुद्राखालच्या श्वासाबद्दल बोलणार आहे. त्याला कारण माझा भाचा. कंबरेला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला हा मुलगा पुढे अंदमानात स्कूबाचा प्रशिक्षक झाला आणि गेल्या वर्षी ‘रिब्रीदर’ शिकायला इजिप्तच्या लाल समुद्रावर गेला. शिकता शिकता तो फोनवर मलाही शिकवत राहिला.

आपण श्वासातून आत घेतो त्या हवेत प्राणवायू असतो २१ टक्के; बाहेर सोडतो त्यात सुमारे १७. म्हणजे शरीर वापरतं जेमतेम चार. साध्या स्कूबात हा उरलेला सतरा टक्क्यांचा माल बुडबुडे होऊन वाया जातो. तीस मीटर खाली दाब चौपट, म्हणून उधळपट्टीही चौपट. रिब्रीदर हा कंजूष गडी. तो सोडलेला श्वास पिशवीत धरतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड चुन्यासारख्या दाण्यांतून गाळून घेतो आणि शरीराने वापरला तेवढाच प्राणवायू परत घालतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारल्यावर ती दुधाळ झालेली आठवते ना? तेच रसायन. बुडबुडे जवळजवळ नाहीत, म्हणून मासे बुजत नाहीत आणि आरमाराच्या पाणबुड्यांचा वरून सुगावा लागत नाही.

हे यंत्र नवं नाही. हेन्री फ्ल्यूस नावाच्या इंग्रजाने १८७८च्या सुमाराला ते बनवलं. पण शुद्ध प्राणवायूही दाबाखाली विष होतो, साधारण सहा मीटरच्या खाली झटके येऊ शकतात, हे उमगायला माणसांनी जीव घातले. १९३९ साली ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली. त्यानंतर जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने स्वतःला दाबाच्या कोठडीत कोंडून घेऊन असे वायू हुंगले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपल्याकडे त्यांची आठवण फार कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मला वाटलं होतं, इतकी वर्षं पाण्यात काढलेल्या पोराला हे सोपं जाईल. झालं उलटंच. साध्या स्कूबात छातीभर श्वास घेतला की माणूस किंचित वर उचलला जातो, सोडला की खाली जातो. निष्णात पाणबुड्या हात न हलवता नुसत्या श्वासावर तरंगतो. रिब्रीदरमध्ये श्वास छातीतून पिशवीत आणि पिशवीतून छातीत येतो-जातो; एकूण फुगवटा तेवढाच राहतो. श्वास घ्या की सोडा, शरीर जागचं हलत नाही. आठ वर्षांची कमाई पहिल्या दिवशी गेली. ‘‘मामू, मी पुन्हा डबा बांधलेला पोरगा झालो,’’ तो म्हणाला. छंद सोडून मुक्तछंदात उतरलेल्या कवीची अशीच त्रेधा उडते, हे मी त्याला सांगितलं नाही.

मग टप्पे. आधी तलावात, मग उथळ समुद्रात, पुढे तीस-चाळीस मीटर. त्यानंतर पाण्याखाली तास साठवायचे, तेव्हा कुठे साठ मीटरचा वर्ग, आणि हेलियम मिसळून शंभरचा त्याहून पुढे. पण शिक्षणाचा बराच वेळ खोलीवर जात नाही, शंकेवर जातो. पाण्यात शिरण्याआधी यादी वाचून एकेक गोष्ट तपासायची आणि काठावर बसून पाच मिनिटं यंत्रातून श्वास घ्यायचा. कार्बन डायऑक्साइड वाढला तर धाप लागते, निदान चाहूल मिळते. प्राणवायू कमी झाला तर काहीच कळत नाही. माणूस शांतपणे शुद्ध हरपतो.

इथे मला आमची विहीर आठवली. जुन्या, बंद विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी जाणती माणसं दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडत. विझला, तर उतरायचं नाही. (सगळेच विषारी वायू कंदिलाला ओळखता येत नाहीत, हेही सांगून ठेवतो.) यंत्रात असे तीन कंदील असतात, प्राणवायू मोजणारे. दोघांचं जुळलं आणि तिसऱ्याचं बिनसलं, तर यंत्र दोघांचं ऐकतं. पण दोन जुने कंदील एकाच वेळी खोटं बोलू शकतात. म्हणून त्यांच्यावर तारीख लिहिलेली असते आणि ती उलटली की ते फेकायचे. आणि मनात जराही शंका आली, की यंत्र सोडून बगलेतल्या साध्या टाकीवर यायचं, डुबकी संपवायची. हे इतक्या वेळा करून घेतात की हात आपोआप जातो. महागडी डुबकी सोडून वर येणं मोठेपणाचं, हे मानणारा धंदा मला आवडला.

माझ्या आपाला मात्र यातलं काही पटत नव्हतं. ती फोनवर एकच विचारायची, ‘‘बुलबुले नै दिखे तो मेरा बच्चा सांस लेरा करके मालूम कैसा होना?’’ बोटीवरच्या माणसांनाही तीच चिंता असते. भाच्याने सांगितलं, वर येताना आम्ही दोरीला बांधलेला लांबोळका नारिंगी फुगा पृष्ठभागावर सोडतो. त्याने फोटो पाठवला. आपाने तो बराच वेळ पाहिला.

पहिला टप्पा त्याने पार केला. आता तो तास साठवतो आहे. आणि आपा हल्ली ‘जेवलास का’ विचारण्याआधी ‘चुना नवा भरलास का’ असं विचारते.