इशाऱ्यांची भाषा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आमचा विषय लहान वाटेल. मोबाइलवर आपण ज्या चौकटीत मजकूर लिहितो, ती चौकट चालता चालता जे इशारे देते ते कसे वाचावेत आणि त्यांचे मूळ कसे शोधावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. परंतु अर्ज, निरोप, हिशेब, पत्रे ही सारी आता ह्याच चौकटीतून जातात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शेजारी शेजारी नांदणाऱ्या सोलापुरात तर ती चौकट नीट चालणे ही केवळ कारागिरांची बाब राहत नाही.

इशारा म्हणजे काय, हे सोलापूरकरांना मागावरून सांगणे सोपे जाईल. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी टांगलेली असते. धागा अखंड आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग थांबतो. जपानमधील साकिची तोयोदा यांच्या १९२४ च्या मागात दोष दिसताच आपोआप थांबण्याची सोय होती, आणि पुढे त्याच विचारावर तेथील मोटारीच्या कारखान्यांची शिस्त उभी राहिली. जेथे ही सोय नसते तेथे विणकराची नजरच पट्टीचे काम करते.

संगणकाच्या आज्ञावलीत दोष तीन प्रकारांनी कळतो. काही दोष आज्ञावली तयार होत असतानाच पकडले जातात. काही ती चालू असताना प्रकटतात आणि ती बंद पाडतात. तिसरा प्रकार इशाऱ्याचा. येथे पट्टी पडते, पण माग थांबत नाही. नोंदवहीत एक ओळ उमटते किंवा कारागिराच्या पडद्यावर पिवळी पट्टी दिसते, आणि कापड विणले जातच राहते. म्हणूनच इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. सर्व इशारे एका आज्ञेने झाकून टाकण्याची सोयही असते. पण झाकल्याने तुटलेला धागा सांधला जात नाही.

दोन उदाहरणे पाहू. २०१५ साली लोकांपुढे आलेल्या रिॲक्ट नेटिव्ह ह्या साधनाने चौकटी बांधल्या जातात. त्याच घराण्यातील रिॲक्टचा, वेबवरच्या चौकटींसाठीचा, एक जुना इशारा असा, की ही चौकट आधी स्वतंत्र होती, आता ती परतंत्र झाली आहे. ह्याचा अर्थ, मजकुराचा मालक कोण हे मध्येच बदलले. बहुधा कारण साधे असते: आरंभी मजकुराच्या जागी काहीच ठेवलेले नसते आणि मागाहून खरा मजकूर येतो. आरंभीच रिकामा मजकूर ठेवला की इशारा जातो. न ठेवला तर केव्हातरी लिहिणाऱ्याची ओळ पुसली जाण्याचा संभव राहतो.

दुसरा इशारा अँड्रॉइडचा. कळफलक आणि चौकट ह्या दोन वेगळ्या आज्ञावल्या आहेत. कळफलक विचारतो, ‘खुणेच्या आधी काय लिहिले आहे?’ तोवर चौकट बंद झालेली असते. बंद घराचे दार ठोठावावे तसा हा प्रकार. पुष्कळदा तो निरुपद्रवी असतो. पण लिहिता लिहिता वारंवार दिसला तर चौकट विनाकारण मोडून पुन्हा उभारली जात आहे काय, हे पाहावे.

आता आपल्या लिपीकडे वळू. ‘सिद्धेश्वर’ ह्या आपल्या ग्रामदैवताच्या नावात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने तेथे दहा चिन्हे आहेत. चारांचा हिशेब धरून दहांच्या मजकुरात खूण ठेवली, की ती जोडाक्षराच्या पोटात पडते आणि हलन्त उघडा पडतो. रोमन लिपीवर तपासलेल्या चौकटीत हा दोष दिसत नाही, कारण तेथे बहुतेक अक्षरे आणि चिन्हे एकास एक असतात.

याहून सूक्ष्म गोष्ट अदृश्य चिन्हांची. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोलगट जागा आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिला शब्द लिहिण्याच्या एका पद्धतीत र, हलन्त आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह असते. इशारे नकोत म्हणून कोणी अदृश्य चिन्हे केरकचरा समजून सरसकट झाडून टाकली, तर सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरतो. आणि ह्याची वर्दी कोणताही इशारा देत नाही!

उलट, असे चिन्ह हाताळताच न आल्याने काय होते ते २०१८ च्या फेब्रुवारीत जगाने पाहिले. तेलुगूतील ‘ज्ञा’ हे अक्षर, आत एक अदृश्य जोडतोड चिन्ह असलेले, ॲपलच्या आयफोनवर दिसू लागताच निरोपांची आज्ञावली कोसळत असे. ह्याच घडणीचे काही बंगाली आणि देवनागरी मजकूरही तिला पेलत नव्हते. १९ फेब्रुवारीस दुरुस्त आवृत्ती निघाली. ज्ञानाचे आद्याक्षरच यंत्राला झेपू नये, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. आमच्या पूर्वभागात तेलुगू घरोघर बोलली जाते. तिथल्या एखाद्या विणकराच्या कुटुंबातील दहा ओळी चौकटीत लिहून पाहिल्या असत्या, तर परीक्षा किती कसून झाली असती!

मग प्रत्येक इशारा वेदवाक्य मानावा काय? तसेही नाही. बंद झालेल्या भागात बदल केल्याबद्दल रिॲक्ट एक इशारा देत असे. त्याला शमविण्यासाठी लोकांनी नाना कृत्रिम उपाय योजले. पुष्कळदा तो खोटा धाक असल्याचे ध्यानात आल्यावर २०२२ च्या अठराव्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. परंतु तो काढला तो समजून घेऊन, कंटाळून नव्हे. फरक येथे आहे.

तेव्हा पद्धत अशी असावी. इशारा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचावा. तो कोणत्या कृतीने उमटतो हे पाहून तीच कृती लहानात लहान मजकुरावर पुन्हा करावी. दोष आपल्या आज्ञावलीत आहे की उसन्या आणलेल्या भागात, हे ठरवावे. कारण सापडले तर दुरुस्त करावे; न सापडले तर तेवढाच एक इशारा, कारण नोंदवून, बाजूस ठेवावा. आणि परीक्षेचा मजकूर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असा चारी भाषांचा असावा. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, हेही तिथेच कळेल.

आमच्या तरुण कारागिरांना एवढेच सांगणे आहे. चादरीतील एक तुटका धागा पुढे सबंध वीत बिघडवितो, हे ह्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. ज्या चौकटीत एखादी वृद्ध बाई आपल्या मुलाला चार ओळी लिहिते, तिचे कापडही तितक्याच निगुतीने विणले जावे.